मूठभर कोंड्याची लेक

सुगी आली की ती आधी माझ्या नाकाला कळते. आमच्या बेळगाव-शहापूरच्या गल्लीत तसा बाहेरच्या वासाला थारा नाही. सकाळपासून मागांची खटखट, सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास, आणि गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरात फोडणी पडली की शिंक आमच्या ओसरीवर. पण परवा भाचा गुंजीहून, माझ्या माहेराहून, सकाळच्या गाडीनं आला. नवा तांदूळ घेऊन आला. रेशनचे दिवस, त्यानं तो कसा आणला ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तांदळाबरोबर गाईसाठी कोंड्याचं एक बाचकं होतं. त्याचं तोंड सोडलं, आणि मी तिथंच पायरीवर बसले.

इंदू, माझी सून, धावत आली. "आई, चक्कर आली का?"

"चक्कर कसली! माझ्या नावाचा वास आला."

माझं नाव कोंडाबाई. मास्तरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, लग्नात ते बदललं होतं. चांगलं पुस्तकी नाव तांदळात लिहिलं होतं त्यांनी. पण त्या नावानं हाक मारली तर मी मान वळवूनसुद्धा बघत नसे. 'दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत' म्हणून भांडी घासत राहायची. शेवटी तेच कंटाळले, आणि मी कोंडाबाई ती कोंडाबाईच राहिले.

इंदूला सातवा महिना आहे. पहिलीच खेप. पोरगी गुणाची आहे, पण धास्तीनं अर्धी झालीय. पोटातलं पोर हललं तरी घाबरते, नाही हललं तरी घाबरते. डॉक्टरीणबाईंनी तपासून 'सगळं छान आहे' म्हणून सांगितलं, तर ही घरी येऊन म्हणते, "त्या हसल्या का असतील?" आता काय करावं हिला! मी म्हटलं, "बाई गं, तू झोपतेस की नाही? तू घोरतेस तेव्हा पोराचे कान कोण करतं? नखं कोण लावतं? तू करतेस? मग जागी असताना तरी कशाला मुकादमकी करायला जातेस!" ती हसली. पण डोळ्यातली भीती हलली नाही. मग मीच तिला शेजारी बसवून घेतलं. कोंड्याचा वास नाकात होता, आणि एक जुनी सुगी काही केल्या डोळ्यापुढून जाईना.

भात पोटरीला आलेलं कधी बघितलंय का? श्रावण सरतासरता रोपाचं पोट फुगतं. बाहेरून बाकी काही दिसत नाही. पण एखादी पोटरी नखानं उसवून बघा. आत कोवळ्या लोंबीला हिरवी टरफलं आधीच लागलेली असतात. सगळी रिकामी! दाण्याचा अजून पत्ता नाही आणि त्याचं पांघरूण शिवून तयार. मग त्यात दूध भरतं, दूध घट्ट होतं, त्याचा तांदूळ होतो. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला हे बांधावर बसून दाखवलं होतं. तेव्हापासून देव आहे की नाही असली चर्चा माझ्यापुढं कुणी काढली की मला कंटाळा येतो. मास्तरांचे मित्र यायचे, चहा पीत पीत तास न् तास वाद घालायचे. मी आतून म्हणायची, भाद्रपदात शेतावर जा की रे बाबांनो एकदा.

माझ्या आधी आईची पोरं जगत नव्हती. पाचवीचा दिवासुद्धा न बघता जायची. कुणी म्हणायचं नजर, कुणी म्हणायचं आणखी काही. मी पोटात असताना आईनं म्हणे पाळण्याचं नावसुद्धा काढू दिलं नव्हतं कुणाला. आणि मी जन्मले ऐन सुगीत, घरात नवं भात कांडलं जात असताना. तेव्हा गावानं ठरवलं, ही पोर विकायची.

विकायची म्हणजे काय, हे इंदूला सांगावं लागलं. ज्या घरात पोरं राहत नाहीत, त्या घरचं पोर दुसऱ्याचं करून टाकायचं. सुपात कोंडा पसरायचा, त्यावर पोर निजवायचं, आणि शेजारच्या दारात न्यायचं. शेजारणीनं आपल्या घरचा मूठभर कोंडा आईच्या पदरात घालायचा आणि पोर उचलायचं. झाला सौदा! मग तिनंच म्हणायचं, 'ही माझी लेक, तुम्ही आपली पाजायला घ्या.' म्हणजे जे काही वाईट त्या घरावर टपून बसलंय, त्याला वाटावं, हिचं पोर नव्हेच हे. पुढं पोर धड वाढलं की लग्नाआधी कोंडा परत करून, नारळ-लुगडं देऊन सोडवून आणायचं. अशी रीत.

मला विकत घेतलं गंगव्वानं. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. कानडी मुलखातून लग्न होऊन आलेली लिंगायत बाई. नवरा खानापूरच्या बाजारात दुकान चालवायचा, तो लौकर गेला. मूल नाही, बाळ नाही. एक म्हैस, परसात चार भाज्या, आणि जीभ मात्र कातरीसारखी. तिचं मराठी म्हणजे भाकरीला 'तो' आणि तव्याला 'ती'. पण बोलायला कुणाला ऐकायची नाही. मला ती 'मगळे' म्हणायची. मगळ म्हणजे लेक. आणि मी तिला म्हणायची अव्वा. आईला आई, अव्वाला अव्वा. मला कधी यात काही वावगं वाटलं नाही. दोन घरं होती, दोन चुली होत्या, एकीनं रागावलं की दुसरीकडं जाऊन जेवायचं. असं सुखाचं बालपण लाटसाहेबाच्या पोरांनासुद्धा मिळालं नसेल.

एकच गोष्ट होती. मी तिच्याकडं जेवायची, पण ती आमच्याकडं कधी जेवायची नाही. त्यांच्यात वशाट, म्हणजे मटण-मासळी, चालत नाही, आमच्यात चालतं. आमच्या चुलीवरचं तिला चालायचं नाही. चण्याचा दाणा, केळं, कच्चं दूध, एवढंच घ्यायची आणि तेही हसत. आईला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ज्याची त्याची रीत. आणि बाकी दोघी दिवसभर परसाच्या कुडावरून बोलत असायच्या, एकीचं कानडी, एकीचं मराठी, आणि भांडण झालं तर दोन्ही.

मी वाढले, धडधाकट झाले, लग्न होऊन शहापूरला आले. आणि या सगळ्या गडबडीत मला सोडवून आणायचं राहूनच गेलं! आप्पांना वाटलं आईनं केलं असेल, आईला वाटलं आप्पांनी. गंगव्वानं तर आठवणच काढली नाही. ती कशाला काढेल?

पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले ती अशीच सुगी होती. सकाळी धुकं इतकं दाट, की बैलाचं तोंड दिसलं तर शेपूट दिसायचं नाही. कापणीच्या बायका धुक्यात नुसत्या ऐकू यायच्या. विळ्यांची करकर, बांगड्या, मधूनच कुणाचं तरी खळखळून हसणं. ऊन वर आलं की सगळं शिवार एकदम उघडं पडायचं, पिवळंधमक. खळ्यावर शेणाचा सडा, मधे तिवडा रोवलेला, त्याच्याभोवती बैल फिरतायत आणि आप्पा त्यांच्या मागनं गात चाललेत. आप्पांचा आवाज अगदी वाईट होता. पण सुगीत त्यांना कुणी गप्प बसवायचं नाही. दुपारी वारं पडायचं, मग सुटायचं, मग उफणणी. दाणा पायाशी पडायचा, भुसकट लांब जायचं. भाताच्या काडाला आमच्याकडं पिंजर म्हणतात. त्या पिंजराच्या ताज्या गंजीत पाठ टेकून बसलं की अंगाला ऊब यायची. मी सात महिन्यांची गरवार. मला कुणी काही काम करू द्यायचं नाही. मी आपली ऊन खात, भाजलेल्या शेंगा खात बसायची, आणि पोटातलं पोर लाथा मारायचं.

गेल्या गेल्या मी गंगव्वाकडं पळाले होते. आणि दारातच थबकले. ती पडवीत आडवी होती. आडाच्या ओल्या पायरीवरून पडली होती आणि कमरेच्या खाली हाड मोडलं होतं. हाडवैद्यानं कळकाच्या पट्ट्या बांधून ठेवल्या होत्या. उठता येत नव्हतं, बसता येत नव्हतं. मग चुलीपुढं कशी बसणार? तोंड इतकंसं झालं होतं. आईनं बाहेरच मला सांगितलं, "म्हैस मी पिळती, दूध देती. चुरमुरं देती, केळं देती. त्याच्यावरच हाय. पेज करून नेली तर हात जोडती. तिच्या पुतण्याला सांगावा धाडला, तर त्यो म्हणतोय सुगी झाली की येतो." आईचे डोळे भरले होते. "सुगी होईपतोर ऱ्हाती का न्हाय कुणाला ठावं."

मी आत गेले. म्हटलं, "अव्वा, मी करून घालते. तुझी चूल, तुझं पीठ, तुझी भांडी. अंघोळ करून ओलेत्यानं पाणी भरते. आता तर नाही म्हणणार नाहीस?"

"नको मगळे," ती म्हणाली. "तू आता दुसऱ्या घरचा झालीस. तिथलं खातीस. चालत न्हाई. देव बघतोय."

"बघू दे की. मला कुणी दुसऱ्या घरची केली?"

"तुझा आप्पा दिलं की लगीन करून."

"आप्पांना काय हक्क? मी विकलेली. तू विकत घेतलीस, सोडवून कुणी नेलंय? दुसऱ्याची पोर परस्पर उजवून टाकली त्यांनी! तुला विचारलं होतं का?"

 ती हसायला लागली. हसली की हाड दुखायचं, दुखलं की 'यव्वा, यव्वा' करायची, आणि पुन्हा हसायची. "मग तुझा लगीन खोटं म्हण की!"

"ते मास्तरांना विचार. मी तुझी लेक आहे का नाही ते तू सांग. पोटच्या लेकीच्या हातचं विटाळतं का?"

तिनं एकदा आढ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "पीठ वरच्या गाडग्यात हाय. ज्वारीचं. तांदळाचा भाकर करू नको, मला नरड्याखाली उतरत न्हाई."

भात पिकवणाऱ्या आमच्या गावात ज्वारी खाणारी ती एकटीच. मला ज्वारीची भाकरी थापता येत नव्हती. पहिली भाकरी अशी झाली, की तिनं ती हातात घेऊन उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "मगळे, हे खायचं का भिंतीला थापायचं?" पण खाल्ली! आमटीत कुस्करून, एकेक घास, डोळे मिटून. मी तिच्या तोंडाकडं बघत बसले. 

आठवड्याभरात तिच्या आवाजाला पुन्हा धार आली. मीठ कमी, तिखट जास्त, भाकरीला भोक पडलंय, चूल नीट सारवली नाहीस. ऐकून आई कुडापलीकडून म्हणायची, "आली बया ताळ्यावर!" आणि मी पोट सांभाळत चुलीपुढं बसायची. मला सांगायची लाज नाही, तसलं सुख मला पुढं सोन्याच्या पाटल्या मिळाल्या तेव्हाही झालं नाही.

आणि मग आत्ती आली.

आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. दर सुगीला मदतीला यायची, आणि मदतीबरोबर अक्कलही द्यायची. माझं गंगव्वाकडं जाणं-येणं तिनं एक दिवस बघितलं आणि पदर खोचून आईपुढं उभी राहिली. "काय गं, पोरीला सोडवून घेतली न्हाय व्हय अजून?"

आईनं आप्पांकडं बघितलं, आप्पांनी आईकडं. दोघांची तोंडं पडली.

"आता काय म्हणावं तुमास्नी! विकलेल्या पोरीच्या पोटचं पोर कुणाचं व्हणार? ना ह्या घरचं, ना त्या घरचं. कुणी राखायचं त्येला? तुझी पोरं कशी गेली इसरलीस वाटतं?"

बस्स! आईच्या हातातलं काम तिथंच राहिलं. आई भित्री नव्हती. साप निघाला तर कोयता घेऊन जायची. पण या एका गोष्टीला ती भ्यायची, आणि का भ्यायची ते तिचं तिलाच ठाऊक. जी पोरं तिनं मांडीवर घेतली आणि परत दिली, त्यांची तोंडं तिला रोज दिसत असतील. रात्रंदिवस ती माझ्या पोटाकडं बघायला लागली. आप्पांनी ठरवलं, बाळंतपणाच्या आत पोर सोडवून आणायची. खानापूरहून लुगडं आणलं, नारळ आणला, नवं सूप आणलं.

मी आप्पांना म्हटलं, "आणि अव्वानं काय खायचं मग? मी परकी झाले की ती माझ्या हातचं सोडणार."

आप्पा खाली बघत म्हणाले, "बघू काय तरी. तिचा पुतण्या येतोच की."

"पुतण्या सुगी झाल्यावर येणार. ती तेवढं थांबणार आहे का?"

"पोरी," आप्पा म्हणाले, "तुझ्या पोटातलं बघू का शेजारचं बघू?" असं त्यांनी विचारलं, आणि मी पोटावर हात ठेवला. कारण पोटात लाथ बसत होती.

तो दिवस मला आजही लख्ख दिसतो. दुपारची वेळ, खळ्यावर वारं पडलेलं, कामाला सुट्टी. आप्पा पुढं, हातात सूप. त्यात कोंडा, वर नारळ आणि लुगडं. मागनं आई, तिच्यामागनं आत्ती. मी आधीच गंगव्वाच्या चुलीपुढं बसले होते. सकाळपासून तिनं तोंडात काही घातलं नव्हतं. मी भाकरी केली तर म्हणाली, "झाकून ठेव." तिला सगळं कळलेलं होतं. भिंतीला भिंत.

आप्पा पडवीत उभे राहिले.  शेवटी गंगव्वाच म्हणाली, "घ्या की सोडवून. मी कुठं न्हाई म्हणालं? पोरीचं बघा आधी. म्हातारीचं काय!" आणि तिनं पदर पसरला. पडल्या पडल्याच. तो कोंडा एकदा तिच्या पदरात पडला की मी तिची कुणी नव्हते.

मी उठले. ताटलीत भाकरी कुस्करली, आमटी घातली, आणि तिच्या आणि आप्पांच्या मधे जाऊन बसले. "आधी जेव," मी म्हटलं. "मग विक मला."

"कोंडे, बाजूला हो," आत्ती म्हणाली.

"नाही होणार." मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "आत्ती, तुमाला काय वाटतं, देव कोंड्याला फसला? इतकी वर्षं? त्याला दिसलं नाही व्हय, सूप कुणाच्या दारात गेलं ते? मी पोटात असताना मला बोटं कुणी दिली? तेव्हा कुठं सौदा झाला होता? त्याला मला जगवायचं होतं, त्यानं जगवलं. आणि या अव्वाचं हाड एक दिवस मोडणार, तिला भाकरी करून घालायला कुणी असणार नाही, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं. म्हणून त्यानं मला तिच्या पदरात घातली. तुमी म्हणता माझ्यासाठी घातली. मी म्हणते तिच्यासाठी घातली. आता माझ्या पोटातल्याला तो बघणार नाही म्हणता? पोराची आई कुणाला तरी उपाशी टाकून आली, हे बरं दिसेल का त्याला?"

एवढं मी एका दमात बोलले, पोटावर हात ठेवून.  गंगव्वानं डोळे गच्च मिटले होते आणि पाणी कानापर्यंत वाहत होतं. पदर तसाच पसरलेला. आप्पा हातातल्या सुपाकडं बघत होते, जणू ते कुणी त्यांच्या हातात दिलं हेच त्यांना कळत नव्हतं.

आई पुढं आली. मला वाटलं मला उठवणार. तिनं आप्पांच्या हातातलं सूप घेतलं, खाली भुईवर ठेवलं, गंगव्वाजवळ बसली आणि तिचा पसरलेला पदर गोळा करून तिच्या छातीवर नीट ठेवला. "ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "दिली ती दिली."

आई एवढंच बोलली. तिला किती जड गेलं असेल, ते मला पुढं स्वतः लेकी सासरी पाठवल्या तेव्हा कळलं. मग ती माझ्याकडं वळली, "घाल की घास. बघत काय बसलीस?" मी घास केला. गंगव्वानं तोंड उघडलं.

आत्ती "करा काय करायचं त्ये" म्हणून खळ्यावर निघून गेली. आप्पा तसेच उभे. "मग ह्या नारळाचं काय करू?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "रवळनाथाला फोडा जावा." ते गेले. गुरवानं नंतर सांगितलं, आप्पांनी देवापुढं गाऱ्हाणं घातलं ते असं: 'देवा महाराजा, पोर तुझी, म्हातारी तुझी, पोटातलं बी तुझंच. आमचं डोकं चालंना झालंय. तूच काय त्ये बघ.' इतकं खरं गाऱ्हाणं त्या देवळात क्वचितच कुणी घातलं असेल.

पौषात माझी थोरली झाली. रडली अशी, की खळ्यावरच्या माणसांना कळलं. पाचवीचा दिवा लागला, बारावा दिवस आला, आई रात्रीची झोपायला लागली. पोरगी गंगव्वाच्या कुशीला नेऊन ठेवायची, आणि दोघी एकमेकींकडं बघत पडून राहायच्या. एकीला अजून बसता येत नव्हतं, दुसरीलाही येत नव्हतं. दोघींचं खाणं, धुणं, कूस बदलणं, सगळं दुसऱ्यांच्या हातात. आणि दोघीही कशा निवांत! माझ्या मनात आलं, माणसानं येतानाही असंच यायचं आणि जाताना असंच जायचं. मधली वर्षं आपल्याला वाटतं की आपण आपल्या पायावर चालतोय. चालतोय खरं, पण पाय कुणाचे?

सुगी सरली तरी पुतण्या काही आला नाही. मास्तर न्यायला आले तेव्हा मी सांगितलं, "तिघी येणार." त्यांनी मोजून बघितलं. "मला सासू एकच सांगितली होती," ते म्हणाले. मी म्हटलं, "सोयरीक करताना नीट चौकशी करायची." गाडीत पिंजर घातलं, वर वाकळ, वर गंगव्वा. स्टेशनवर तिला एका बाजूनं आप्पांनी आणि एका बाजूनं मास्तरांनी डब्यात चढवलं. मास्तरांचं धोतर मळलं. रेल्वेत ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती. बेळगाव येईपर्यंत खिडकीतून जे दिसेल त्याला नावं ठेवत आली.

शहापुरात मागच्या पडवीत मी तिच्यासाठी वेगळी चूल मांडली. इथं तिच्या भाषेत बोलणाऱ्या शेजारणी मिळाल्या. काठी टेकत ती सकाळच्या उन्हात ओट्यावर येऊन बसायला लागली आणि अर्ध्या गल्लीची अव्वा झाली. माझी सगळी पोरं तिच्या मांडीवर झोपली. माझी भाकरी मात्र तिला शेवटपर्यंत पसंत पडली नाही.

आता माझे गुडघे गेलेत. परवा कोंड्याचं बाचकं उघडून मी बसले, ती पायरीवरून माझी मला उठता आलंच नाही. इंदूनं काखेत हात घालून उठवलं. सात महिन्यांची पोर मला उठवते, आणि मी तिला सांगते, घाबरू नको. मी सांगते ते उगाच नव्हे. मी बघितलंय. जो पोटात धरतो तो केस पिकल्यावर खाली टाकत नाही. फक्त त्याचे हात दिसत नाहीत. दिसतात ते कधी गंगव्वाचे असतात, कधी आईचे, कधी एखाद्या धास्तावलेल्या सुनेचे. इंदू ऐकत होती. तिनं विचारलं, "आणि अव्वा गेल्या तेव्हा?"

अव्वा गेली ती वैशाखात, सकाळी, भाकरी खाऊन. आप्पा योगायोगानं आदल्या दिवशीच गावाहून आले होते, आंबे घेऊन. तिच्या समाजातली वडीलधारी मंडळी आली. सगळं त्यांच्या रीतीनं झालं. तिला बसवली, कपाळाला विभूती लावली, गळ्यात हार घातले. आमच्या दारापुढं ही गर्दी. मी आत, दाराआड. मोठं माणूस समजून कुणी मास्तरांकडं बघत होतं, कुणी भिंतीकडं. त्यांच्यातले एक म्हातारे पुढं झाले आणि त्यांनी विचारलं, "हिचं आपलं म्हणून कोण आहे इथं?"

 मास्तर घसा साफ करायला लागले. माझी जीभ इतकी चालते, पण तेव्हा टाळ्याला चिकटली. वाटलं, आता हे नाव विचारतील, कूळ विचारतील, आणि आपण कोण म्हणून सांगायचं?

आप्पा कोपऱ्यात बसले होते. ते उठले. पागोटं नीट केलं. गर्दीतून वाट काढत दारापाशी आले, माझं मनगट धरलं आणि मला सगळ्यांच्या पुढं आणून उभी केली.

"हाय की," आप्पा म्हणाले. "ही लेक हाय तिची."